१९६८ ची मास्टर्स गोल्फ स्पर्धा: सगळ्यांनी ३ फटके पाहिले, तरी कार्डावरचे ४ का धरले?

तुम्ही विचारलंत: टीव्हीवर लाखोंनी ३ फटके पाहिले असताना, कार्डावर (फटके लिहायच्या अधिकृत कागदावर) ४ लिहिले म्हणून रोबेर्तो दे विसेंझोला दंड करून त्याचं विजेतेपद का हिसकावलं? या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. एक, रोबेर्तो दे विसेंझोला कोणताही दंड झाला नव्हता आणि तो बादही झाला नव्हता. दोन, त्याचं विजेतेपद हिसकावलं गेलं नाही. हुकला तो बॉब गोल्बीबरोबरचा सोमवारचा १८ होलचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी फोडणारी जादा फेरी (होल म्हणजे चेंडू कपात जाईपर्यंतचा एक टप्पा). तो कोण जिंकला असता, हे कुणीच सांगू शकत नाही.

आता आकडे. गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. १४ एप्रिल १९६८, ऑगस्टा (अमेरिकेतलं मास्टर्सचं मैदान), शेवटची फेरी. अर्जेंटिनाच्या दे विसेंझोचा त्या दिवशी ४५ वा वाढदिवस होता, आणि आदल्याच वर्षी त्याने हॉयलेकला ब्रिटिश ओपन जिंकली होती. पहिल्याच होलवर त्याचा दुसरा फटका थेट कपात गेला, ईगल, म्हणजे पारपेक्षा (त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) दोन कमी! पुढे २, ३ आणि ८ वर बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक कमी, म्हणजे पहिल्या ९ होलचे ३१. नंतर १२, १५ आणि १७ वर बर्डी, १८ वर बोगी (पारपेक्षा एक जास्त), म्हणजे दुसऱ्या ९ होलचे ३४. एकूण ६५. आधीच्या तीन फेऱ्या ६९, ७३, ७०, त्यामुळे बेरीज २७७. गोल्बीचेही २७७ च: ७०, ७०, ७१, ६६.

गडबड १७ व्या होलच्या चौकोनात झाली. पार ४ च्या त्या होलवर दे विसेंझोने ३ घेतले होते, पण कार्डावर ४ लिहिले गेले. साहजिकच दुसऱ्या ९ होलचे ३५ झाले आणि फेरीचे ६६. लिहिणारा होता त्याचा सोबती खेळाडू टॉमी आरन. व्यावसायिक गोल्फमध्ये आपलं कार्ड आपल्या हातात नसतं. सोबत खेळणारा तुमचा मार्कर असतो, तो तुमचे फटके लिहितो आणि तुम्ही दुसऱ्याचे. फेरी संपली की कार्ड तुमच्याकडे येतं, तुम्ही एकेक होल तपासता, मार्करची सही, तुमची सही, आणि कार्ड समितीकडे. दे विसेंझो नुकतीच १८ व्या होलवर बोगी करून आला होता आणि त्याच्या डोक्यात तीच घोळत होती. ग्रीनच्या (कपाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) बाजूच्या उघड्या टेबलावर, गर्दीच्या गोंगाटात, त्याने चौकोन न तपासताच सही केली. चूक आरनच्याच लक्षात आली, पण तोवर दे विसेंझो टेबलापासून निघून गेला होता.

नियम तेव्हा ३८ क्रमांकाचा होता. आज तोच ३.३ब मध्ये आहे आणि गाभा बदललेला नाही. एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहून कार्ड दिलं, तर जास्तीचा आकडा कायम. कमी लिहून दिलं, तर खेळाडू बाद. बेरजेची जबाबदारी मात्र समितीची. खेळाडू फक्त होलनिहाय आकड्यांना बांधील. म्हणजे बेरीज चुकली असती तर काहीच बिघडलं नसतं. मास्टर्सचा सहसंस्थापक बॉबी जोन्स तेव्हा आजारी होता. त्याच्या खोलीत जाऊन अधिकाऱ्यांनी विचारणा केली, पण नियमात फट नव्हती. ६६ आणि २७८ कायम, गोल्बी विजेता. बक्षीस त्याला २०,००० डॉलर, दे विसेंझोला १५,०००.

‘टीव्हीवर लाखोंनी पाहिलं’ हा युक्तिवाद ऐकायला दमदार आहे, पण मला पटत नाही. कॅमेरा होता तो आघाडीच्या जोड्यांवर. सकाळी लवकर सुटलेल्या, गुणतक्त्यात शेवटून तिसऱ्या असलेल्या खेळाडूच्या १७ व्या होलला साक्षीदार कोण? त्याचा मार्कर आणि तो स्वतः. एकाला कॅमेऱ्याची सवलत दिली की बाकीच्यांवर अन्याय. चूक दुसऱ्या दिशेची झाली तर हाच नियम किती कठोर होतो बघा: १९५७ च्या अमेरिकी महिला ओपनमध्ये जॅकी पंगने ६ च्या जागी ५ असलेल्या कार्डावर सही केली. एकूण बेरीज बरोबर होती, सर्वांत कमी होती, तरी ती बाद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हिएरा मैदानावर जॉर्डन स्पीथ ४ च्या जागी ३ वर सही करून बाद झाला.

दे विसेंझोने स्वतः कुणाला बोल लावला नाही. मोडक्या इंग्रजीत ‘मी किती मूर्ख’ असंच म्हणाला. सगळ्यांत वाईट वाटतं ते गोल्बीचं. त्याचं हे एकमेव मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं) विजेतेपद, ६६ ची फेरी खेळून मिळवलेलं, आणि त्यालाच शिव्यांची पत्रं आली. आरनला मात्र धडा मिळाला असावा. १९७३ मध्ये त्याच ऑगस्टाला त्याच्या कार्डावर १३ व्या होलचे ४ ऐवजी ५ लिहिले गेले होते. त्याने सहीआधी ते पकडलं, दुरुस्त करून घेतलं आणि स्पर्धा जिंकली.

तुम्ही क्लबात स्पर्धा खेळत असाल तर तपासणी अशी करा. प्रत्येक ग्रीन सोडताना मार्करला आपला आकडा मोठ्याने सांगा आणि स्वतःच्या कागदाच्या पट्टीवरही लिहा. शेवटी मार्कर होल क्रमांक आणि आकडा वाचेल, तुम्ही पट्टीवर बोट ठेवून पाहायचं. बेरीज जुळली म्हणून चौकोन बरोबर असं समजू नका: ५ चे ४ आणि ४ चे ५ झाले तरी बेरीज तीच येते, पण ५ चा ४ झालेला चौकोन तुम्हाला बाद करतो. समितीने कार्ड देण्याची जागा आखली असेल तर साधारणपणे तुम्ही तिथून बाहेर पडता तेव्हाच कार्ड दिलं गेलं असं धरतात. तोवर सही झाल्यावरही दुरुस्ती करता येते. म्हणून बोगीचं दुःख बाहेर येऊन करा.