डायनोसॉरची नावं पाठ झाली, आता पुढे काय?

सहा वर्षांच्या मुलाला डायनोसॉरची नावं तोंडपाठ आहेत, आता त्याला पुढे काय शिकवू, असं तुम्ही विचारलं आहे. माझं स्पष्ट मत सांगते: आणखी नावं नकोत. आता त्याला "हे आपल्याला कसं कळलं?" असं विचारायची सवय लावा.

सुरुवात पावलांच्या ठशांपासून करा. ओल्या मातीवर त्याला आधी चालू द्या, मग शेजारूनच पळू द्या आणि ठशांमधलं अंतर त्यालाच मोजायला सांगा. पळताना ते अंतर वाढतं हे एकदा दिसलं, की दगडात उमटलेल्या ठशांवरून प्राण्याच्या वेगाचा अंदाज कसा बांधतात, हे वेगळं समजवावं लागत नाही. मला स्वतःला हाडांपेक्षा ठसे जास्त आवडतात. हाड मेलेल्या प्राण्याचं असतं, ठसा मात्र चालत्या-फिरत्या प्राण्याचा.

मग इग्वानोडॉन या डायनोसॉरची गोष्ट सांगा. त्याचा एक टोकदार, हाडाचा काटा गिडियन मँटेल या इंग्लिश जीवाश्म-अभ्यासकांना मिळाला होता. तो नाकावरचं शिंग असेल असं त्यांना वाटलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ साली उभे केलेले इग्वानोडॉनचे पुतळे आजही नाकावर शिंग घेऊन उभे आहेत. पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत सांगाडेच्या सांगाडे सापडले, आणि तो काटा हाताच्या अंगठ्याचा निघाला! पण हे लगेच सांगून टाकू नका. आधी काट्याचं चित्र काढून द्या आणि तो कुठे बसेल ते मुलाला ठरवू द्या. त्यानं शेपटीला लावला तरी चालेल, फक्त "का?" एवढं विचारा.

काळाची कल्पना यायला दोरी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. एक टोक म्हणजे आज. तिथून ६६ सेंटिमीटरवर गाठ मारा, तिथे टी-रेक्स संपला. स्टेगोसॉरसची गाठ जवळपास दीड मीटरवर येते. म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! आपली मानवजात या दोरीवर जेमतेम तीन मिलिमीटर. पृथ्वीच्या जन्मापर्यंत जायचं तर दोरी ४५ मीटर लागेल, तेवढी अंगणात पावलांनी मोजा.

खेळण्यांच्या डब्यात उडणारे टेरोसॉर आणि पोहणारे प्लेसिओसॉरही असतात. ते डायनोसॉर नव्हेत, एवढं सांगून ठेवा. पक्षी मात्र डायनोसॉरचेच वंशज. चीनमध्ये सापडलेल्या आणि १९९६ मध्ये जगासमोर आलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्स या डायनोसॉरच्या जीवाश्मात तर मऊ पिसांसारखं आवरण स्पष्ट दिसतं. कबुतर जवळ आलं की त्याचे खवल्यांचे पाय नीट बघायला लावा.

संग्रहालयात गेलात तर सांगाड्यातली कोणती हाडं खरी आणि कोणती साच्यातून काढलेली, हे तिथल्या माणसांना मुलालाच विचारू द्या. बऱ्याच ठिकाणी संपूर्ण सांगाडाच साच्यातला असतो आणि खरी हाडं अभ्यासासाठी आत ठेवलेली असतात.