'स्वखुशीने' हा शब्द आहे तोवर त्या कागदावर सही करू नकोस

पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन घेऊन बसले, कारण तू घाबरून सगळं एकात एक लिहिलंयस आणि त्यातल्या तीन-चार गोष्टी वेगवेगळ्या करून बघायला पाहिजेत. नाव, गाव, कॉलेज गाळून तुझी हकीकत आधी सांगते म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल.

खानापूर तालुक्यातली मुलगी, वय १९, बेळगावात हॉस्टेलला राहून बीए दुसऱ्या वर्षाला. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत १५०० मीटरला तिसरी आली, रेस झाल्याझाल्या नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) बाईंनी गाठून डोप टेस्टसाठी लघवीचं सँपल घेतलं. रेसच्या चार दिवस आधीपासून खोकला थांबत नव्हता म्हणून टीमबरोबर आलेल्या पीटी सरांनी मेडिकलमधून कफ सिरपची बाटली आणून दिली, ती ही रेसच्या सकाळपर्यंत प्यायली. आता नाडाचा ईमेल आलाय की सँपलमध्ये टर्ब्युटालीन सापडलं, उत्तर द्यायला अजून बारा दिवस आहेत. आणि कॉलेजनं एक कागद पुढं केलाय, "मी स्वखुशीने औषध घेतले, यात कॉलेज वा शिक्षकांचा काही संबंध नाही". सही केलीस तर शिक्षा एक वर्षानं कमी होईल, नाही केलीस तर हॉस्टेल सोड, असं तोंडी सांगितलंय.

त्या कागदावर सही करू नकोस. आज नाही, उद्या नाही, घरच्यांनी सांगितलं तरी नाही.

कारण सांगते. टर्ब्युटालीन हा श्वासनलिका मोकळी करणारा पदार्थ, आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतो आणि वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत तो स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, कायमच बंद आहे. पण तो त्यांच्या भाषेत 'स्पेसिफाइड' पदार्थ आहे, म्हणजे स्टिरॉइडसारखा नाही, खेळाडूच्या पोटात साध्या औषधातूनही जाऊ शकतो हे नियम स्वतःच मान्य करतात. अशा पदार्थाला शिक्षा धरली जाते दोन वर्षांची. चार वर्षांची मागायची असेल तर तू मुद्दाम घेतलंस हे नाडाला सिद्ध करावं लागतं. आता तूच 'स्वखुशीने घेतले' असं लिहून दिलंस तर जे नाडाला सिद्ध करायचं होतं त्याची सुरुवात तू स्वतःच करून दिलीस की! कागद लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, त्याला फक्त स्वतःवरची बला टाळायची असेल, पण कागद बोलतो तो त्यावर जे लिहिलंय तेच बोलतो.

आणि ते एक वर्ष कमी होण्याचं. तो नियम खरा आहे, पण तो तुझ्यासाठी नाही. आरोपाची शिक्षा चार वर्षं किंवा जास्त असेल आणि खेळाडूनं चार्जची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत चूक आणि शिक्षा दोन्ही मान्य केली तर एक वर्ष सूट मिळू शकते. तुझी सुरुवातच दोन वर्षांपासून आहे. शिवाय ती कबुली नाडाला द्यायची असते, कॉलेजला नव्हे. अर्धवट ऐकलेला नियम तुझ्या गळ्यात बांधायला निघालेत.

आपल्या सीमाभागात ही सवय मी वर्षानुवर्षं बघतेय, कागद येतो कन्नडात नाहीतर इंग्रजीत, आपली माणसं मराठी शाळेत शिकलेली, मग वाचायचं सोडून 'कुठं सही करू साहेब' एवढंच विचारतात. तूही लिहिलंयस की सँपलच्या वेळचा फॉर्म इंग्रजीत होता, बाईंनी बोट ठेवलं तिथं सही केली. त्या फॉर्मवर मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची जागा असते, ती तू कोरी सोडलीस, 'खोकल्याचं काय लिहायचं' म्हणून. हे तुझ्या विरुद्ध थोडं जाणार, लपवत नाही. तिथं सिरपचं नाव असतं तर आज आपलं काम निम्मं झालं असतं. पण का लिहिलं नाहीस ते खरंखरं सांगता येतं. सोबत एक माणूस आणि मिळत असल्यास दुभाषी घ्यायचा हक्क खेळाडूला असतो, तो तुला कुणी समजावून सांगितला का, तुझ्या बरोबर कोण आत होतं, हे आठवून लिहून काढ.

बाई समोर उभी राहून बघत होती, लाज वाटली, रडू आलं असं लिहिलंयस. वाचून वाईट वाटलं गं. पण वकील म्हणून सांगते, त्यावर केस उभी राहत नाही, कारण सँपल देताना त्याच लिंगाच्या अधिकाऱ्यानं थेट बघणं हे नियमातच आहे, लघवी बदलली जाऊ नये म्हणून. पुरुष आत आला असता तर गोष्ट वेगळी होती. पहिल्यांदा कमी झाली म्हणून सील करून ठेवली आणि पाणी पाजून परत बसवलं, तेही नियमाप्रमाणेच, कमीत कमी ९० मिली लागते. आणि प्रक्रियेत खरंच चूक झाली असली तरी त्या चुकीमुळे टर्ब्युटालीन सापडलं असू शकतं असं दाखवता आलं तरच उपयोग. तू तर सिरप प्यायलेली आहेस. तेव्हा या वाटेला ताकद घालवू नको.

बी सँपलचंही तेच. ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात, बी उघडून तपासायची मागणी करायचा, उघडताना हजर राहायचा तुला हक्क आहे, बी मध्ये सापडलं नाही तर केस तिथंच संपते. पण माझ्या मते इथं बी मध्येही तेच निघणार, तो खर्च करायला मी सांगणार नाही. नोटिशीत त्याची वेगळी तारीख दिलेली असेल, ती बघून 'बी नको' असं लेखी कळव, नुसतं गप्प बसू नको.

आता मूळ मुद्दा. या कायद्यात 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटका नाही. शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं का दिलं हे नंतर. सरांनी दिलं म्हणूनही पूर्ण सुटत नाहीस, कारण आपल्या माणसानं दिलेल्या औषधाची खात्री करायची जबाबदारी खेळाडूचीच धरतात, आणि बाटलीवर टर्ब्युटालीन छापलेलं असतं. तिसऱ्या नंबरचं मेडल जाणार, शिक्षा किती का लागेना. हे ऐकायला कडू आहे पण आधीच ऐकलेलं बरं.

मात्र तुझा दोष किती मोठा यावर शिक्षा किती ते ठरतं, आणि इथं जागा भरपूर आहे. स्पेसिफाइड पदार्थाला दोष फार नव्हता हे पटवता आलं तर नुसत्या समजपत्रापासून दोन वर्षांपर्यंत काहीही होऊ शकतं. १९ वर्षांची पोर, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या मीटला, खोकला खराच होता, औषध टीमच्या जबाबदार माणसानं आणून दिलं, कॉलेजनं डोपिंगबद्दल कधी एक तासही घेतला नाही, यातली प्रत्येक गोष्ट मोजली जाते. पण पुराव्यासकट. म्हणून कॉलेजचा कागद दुसऱ्यांदा घातक आहे, कारण त्यात सरांचं नाव पुसलं जातंय आणि तुझी सगळ्यात जोरदार बाजू तीच आहे. खेळाडूला बंदी असलेला पदार्थ देणं हा देणाऱ्याविरुद्धचाही वेगळा आरोप होऊ शकतो, त्यांची घाई कुठून येते ते यावरून समजून घे. सरांशी भांडायला जाऊ नको, त्यांनी वाईट हेतूनं दिलं असं मलाही वाटत नाही. फक्त घडलं तसं सांग.

बाटली अजून ट्रंकेत आहे म्हणालीस, देव पावला. उरलेलं पिऊ नको, ओतू नको, कुणाला देऊ नको. नाव, घटक, बॅच नंबर, एक्सपायरी सगळं दिसेल असे फोटो काढ आणि बाटली पिशवीत बांधून घरी वडिलांकडं ठेव, हॉस्टेलवर नको. सरांना तू व्हॉट्सॲपवर 'सर खोकला थांबेना' लिहिलेलं आणि त्यांनी 'बाटली पाठवतो' म्हटलेलं, ते चॅट म्हणजे सोनं आहे. स्क्रीनशॉट घे, ते चॅट उघडून तारखेसकट स्क्रीन रेकॉर्ड कर, आणि तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडायला लागलं तर मूळ फोन पाहिजे. रूममध्ये तुझ्याबरोबर झोपणाऱ्या दोघींनी तुझा खोकला रात्रभर ऐकला असेल, त्यांची प्रतिज्ञापत्रं घे.

मामांचं सांगणं मनातून काढून टाक. मागच्या तारखेची डॉक्टरची चिठ्ठी आणायची, त्यावर उपचारासाठीची सूट, म्हणजे टीयूई, मागची तारीख धरून मागायची असा त्यांचा बेत दिसतो. मामांचा जीव तुटतोय म्हणून ते बोलले, पण खोटा कागद दाखल करणं म्हणजे टॅम्परिंग, तपासणीत लबाडी, तो स्वतंत्र गुन्हा आणि त्याची शिक्षा चार वर्षांपर्यंत. शिवाय सुनावणी घेणाऱ्या तीन जणांच्या पॅनेलवर एक डॉक्टर बसलेला असतो. दोन वर्षांच्या आतलं प्रकरण हातानं सहा वर्षांवर न्यायचं का?

आणि ती सिनियर म्हणाली ना, सँपल न देता मागच्या गेटनं पळून जायला पाहिजे होतं, तिलाही हे वाचायला दे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची टीम आल्याचं कळल्यावर पुरुषांच्या १०० मीटर फायनलला एकच धावपटू उभा राहिला होता, सगळ्या देशानं वाचलं ते. सँपल चुकवणं किंवा नाकारणं याला सरळ चार वर्षं धरतात, औषध घेतलं होतं की नव्हतं हा प्रश्नच येत नाही. तू थांबलीस, दिलंस, म्हणून आज आपल्याला बोलायला तोंड आहे.

एक सही मात्र कर. नाडाच्या ईमेलमध्ये तात्पुरतं निलंबन आपणहून स्वीकारायचा पर्याय दिलाय, तो लेखी स्वीकार आणि लवकर स्वीकार. तो म्हणजे गुन्ह्याची कबुली नाही, नियमातच तसं म्हटलंय, आणि निलंबनात काढलेले दिवस नंतरच्या शिक्षेतून वजा होतात. पण मग ते काटेकोर पाळायचं, कुठल्याही अधिकृत स्पर्धेत उतरायचं नाही, टीमबरोबर सराव नाही.

उत्तरात दोन गोष्टी आधी माग, लॅबची कागदपत्रं आणि सुनावणीला मराठी दुभाषी. तू नियमाप्रमाणे 'राष्ट्रीय पातळीची खेळाडू' धरली जातेस की त्याखालची, हेही लेखी विचारायचं, कारण त्यावर शिक्षेची कमाल आणि नाव जाहीर होणं न होणं अवलंबून असतं. सुनावणी डोपिंगविरोधी शिस्तपालन पॅनेलपुढं होते, निकाल पटला नाही तर २१ दिवसांत अपील पॅनेलकडं जाता येतं. वकिलाच्या फीची काळजी लिहिलीयस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, वडिलांना घेऊन उद्याच जा आणि नोटिशीची प्रिंट बरोबर ने.

हॉस्टेलचं म्हणशील तर डोपिंगचे नियम खेळापुरते आहेत, त्यांच्या आधारावर तुझी परीक्षा किंवा खोली काढून घेता येत नाही. प्रिन्सिपलना दोन ओळींचा अर्ज दे, 'आपण दिलेल्या मसुद्यावर मी सही करू शकत नाही, माझ्यावर काही कारवाई करायची असल्यास लेखी नोटीस देऊन माझं म्हणणं ऐकावं', आणि पोच घे. बहुतेक तिथंच आवाज खाली येईल. नाहीच आला आणि खरंच खोली सोडायला लावली तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते, तेव्हा बघू.

सराव बंद झाला म्हणून रडत बसलीयस ते थांबव. एकटीनं पळायला बंदी नाही, आठवडाभर घरी जा आणि पहाटे नंदगड रोडला पळ, वडील सायकलवर मागं येतातच म्हणालीस.