आडवा पास

बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा फुटबॉलची मॅच संपल्यावर शाहू स्टेडियमच्या जिन्यात तू बुटाची लेस सोडत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "काका, सरांना सांगा ना, मला विंगला टाका, कडेला. मधे नाही खेळायचं मला आता." मी काही बोललो नाही. तुझे वडील शेजारी उभे होते आणि मला राग आला होता. म्हणून घरी येऊन लिहायला घेतलं.

आधी उत्तर देतो. सरांना मी सांगणार नाही.

सेमीफायनलला तुझा पास कापला गेला, त्यावर गोल बसला आणि गॅलरीतून आईबहिणीवरून शिव्या आल्या, हे मी तिथंच बसून पाहिलं. त्या पासबद्दल माझी तक्रार नाही. बघितलं होतंस बरोबर, फक्त जोर कमी पडला. माझी तक्रार त्यानंतरच्या चार मॅचची आहे. मी वहीत रेघा मारत बसतो हे तुला माहीत आहे. परवा पहिल्या हाफमध्ये बॉल तुझ्याकडे ३१ वेळा आला. पुढं दिलास चार वेळा. बाकी सगळे आडवे, नाहीतर मागं बॅककडे. एकही चुकला नाही. बाहेर पडताना लोक म्हणत होते, पोरगं आता सावरलं. मला तेच बघवत नव्हतं.

पुढं दे, लेका. हे एकच सांगायला एवढं लिहितोय.

तुझ्या मोबाईलमध्ये डी ब्रॉयना आणि बेलिंगहॅम भरलेत, असू देत. मी तुला मायकेल कॅरिकचं सांगतो, इंग्लंडचा, तुझ्यासारखाच मधे खेळणारा. मँचेस्टर युनायटेडसाठी सामने ४६४, गोल २४. एवढ्या गोलांवर कुणाची चित्रफीत फिरत नाही, म्हणून तुझ्या वयाच्या पोरांना त्याचा खेळ माहीत नाही. मी मात्र फाउंड्रीतली दुसरी पाळी संपवून, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन, त्याच्यासाठी रात्री जागलोय.

टाइन नदीच्या काठी, न्यूकॅसलला लागून वॉल्सेंड म्हणून जहाजं बांधणाऱ्यांचं गाव. तिथल्या बॉइज क्लबातून ॲलन शिअरर आला, पीटर बिअर्डस्ली आला, आणि १९८१ साली जन्मलेला हा आला. आपल्याकडे पेठेतली तालीम पोरगं घडवते, तसंच ते. लहानपणी तोही फॉरवर्डच खेळायचा, मधे नंतर आला. लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या पोरांनी १९९९ साली एफए यूथ कपची, म्हणजे तिकडच्या पोरांच्या स्पर्धेची, फायनल दोन्ही लेग मिळून ९-० अशी मारली, त्या संघात तो होता. तोच क्लब २००३ ला ४२ गुण मिळवूनही खाली घसरला. जो कोल गेला, आणखी काही गेले, हा एक वर्ष खालच्या डिव्हिजनला खेळला. मग टॉटनहॅम, आणि २००६ ला युनायटेड. तिथं त्याला १६ नंबर मिळाला, रॉय कीनचा. लोकांना दुसरा कीन हवा होता, टॅकलमध्ये जमीन हादरवणारा, सगळ्यांवर डाफरणारा. हा गप्प खेळायचा. पण त्याच सिझनला, चार वर्षांनी, लीग पुन्हा युनायटेडकडे आली. १० एप्रिल २००७ ला रोमाला ७-१ ने तुडवलं, त्यात दोन गोल याचे. ते गोल बघून कुणीतरी त्याला चांगला म्हटलं असेल. मला तो आवडायला कारण वेगळंच होतं.

त्याचा जुना सामना लाव आणि बॉलकडे बघू नकोस. बॉल त्याच्याकडे यायच्या आधीचे दोनतीन सेकंद त्याच्या मानेकडे बघ. डावा खांदा, उजवा खांदा, पुन्हा डावा. अंग अर्धं वळलेलं, म्हणजे लांबच्या पायावर बॉल घेतला की पहिल्याच टचला तोंड पुढं. आणि मग समोरच्या दोन मधल्या खेळाडूंच्या फटीतून, जमिनीलगत, कडक पास. पुढं उभ्या फॉरवर्डच्या, रूनीच्या पायात. दोन माणसं एका पासात मेली. दहा जणांना ड्रिबल करून जे होत नाही ते त्या एका पासानं होतं, आणि टाळी मिळते रूनीला.

सेमीफायनलच्या आधी तुझीही मान अशीच फिरायची. मी तुझ्या वडिलांना म्हटलं होतं, ह्याची मान बघा. आता ती फिरत नाही. फिरणार कशी? पुढं द्यायचंच नाही असं ठरवल्यावर माणूस पुढं बघेल कशाला?

मला माहीत आहे, तू म्हणशील की कॅरिकलाही आडवा खेळतो म्हणून नावं ठेवायचे. ठेवायचे. इंग्लंडात कित्येकांना तो कधी कळलाच नाही. पण फरक समजून घे. तो आडवा द्यायचा तेव्हा समोरचा संघ एका बाजूला ओढला जायचा, आणि तिसऱ्या पासाला मधली फट उघडायची. तो आडवा पास पुढच्या पासाची तयारी होती. तुझा आडवा पास म्हणजे हातातला निखारा दुसऱ्याच्या हातात देणं आहे. दोन्ही टीव्हीवर सारखेच दिसतात. मैदानात सारखे नसतात, आणि तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलेलं नाही, आणि आम्ही एका वर्गात होतो.

१९८९ साली मी तेवीसचा होतो. फायनल होती. मधल्या रेषेजवळून मी पुढं दिला, त्यांच्या सेंटर हाफनं पाय घातला, आणि तीन पासांत गोल. आम्ही एक-शून्य हरलो. महिनाभर मी पेठेतल्या कोपऱ्यावर चहाला गेलो नाही. पुढच्या सिझनपासून मी आडवा खेळायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, पायच पुढं जाईनात. तीन सिझन असाच खेळलो. आणि मला कुणी काढलं नाही, कारण माझी चूकच होत नव्हती. तेच वाईट झालं. काढलं असतं तर शहाणा झालो असतो.

आमच्याकडे तेव्हा एक फॉरवर्ड होता. अंगानं किरकोळ, पण बॅकच्या पाठीमागं असा सुटायचा की त्याची सावली मागं राहावी. तिसऱ्या सिझनला एकदा हाफटाइमला लिंबू चोखत तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मी पळतोय ते तुला दिसत नाही का रे?" मी म्हटलं, नाही दिसलं. खोटं बोललो. दिसत होतं. प्रत्येक वेळी दिसत होतं. त्यानंतर तो पळायचा थांबला. एक दिवस ग्राउंडवर यायचाच थांबला, दुकानात बसायला लागला. त्याच्या पायातला खेळ मी मारला, आणि ते करताना माझा एकही पास चुकला नव्हता.

परवा सेकंड हाफमध्ये तुझा लेफ्ट विंगर कुठं उभा होता, आठव. मॅचच्या पहिल्या पंधरा मिनिटांत तो सहा वेळा आत सुटला. तू सहाही वेळा मागं दिलास. चाळिसाव्या मिनिटानंतर तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवून. लोक म्हणाले, दम संपला. अठरा वर्षांच्या पोराचा दम चाळीस मिनिटांत संपत नाही. आणि तू मला म्हणतोस, मला विंगला टाका! तिथं जाऊन तू पळशील आणि मधे दुसरा कुणी तुझ्यासारखा घाबरलेला उभा असेल, तर काय करशील?

असो. चढा आवाज लागला. कॅरिककडे येतो, कारण तुला वाटतंय की असं फक्त तुझंच झालं.

२००८ ला मॉस्कोत चॅम्पियन्स लीगची फायनल पेनल्टीवर गेली. युनायटेडची दुसरी पेनल्टी यानं मारली, गोल केला, कप जिंकला. वर्षभरानं, २७ मे २००९, रोम, समोर बार्सिलोना. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. दहाव्या मिनिटाला एटोनं गोल केला, पुढं मेस्सीनं हेड मारला, दोन-शून्य. त्या पहिल्या गोलाचा दोष कॅरिकनं स्वतःकडे घेतला. आणि तो दोष उतरला नाही. आदल्या वर्षीचा कप घरात असताना हा माणूस जवळजवळ दोन वर्षं नैराश्यात होता. बायकोला माहीत होतं, घरच्यांना थोडंफार. ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसणाऱ्यांना पत्ता नव्हता. २०१० च्या वर्ल्डकपला तो इंग्लंडबरोबर दक्षिण आफ्रिकेत होता. एक मिनिटही खेळायला मिळालं नाही, आणि मन सगळं घराकडे. हे सगळं त्यानं जगाला सांगितलं २०१८ मध्ये, खेळ सोडल्यावर. मी वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवला आणि गच्चीवर जाऊन उभा राहिलो. एकोणतीस वर्षं मी हेच गिळून बसलो होतो. मला वाटायचं हे फक्त आपल्यासारख्या हौशी माणसांना होतं, पगारी खेळाडूंची कातडी जाड असते.

म्हणून जिन्यात तू बोललास हे बरं केलंस. मागितलंस ते चुकीचं, पण बोललास. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल तर तेही सांग. मला नाही तर आईला सांग. हे मी गंभीरपणे म्हणतोय.

पण त्या अंधारात असताना त्यानं जागा बदलून मागितली नाही. मधेच उभा राहिला, मान फिरवत राहिला, पुढं देत राहिला. २०११ ला लीग, २०१३ ला पुन्हा लीग, एकूण पाच. २०१२-१३ च्या सिझनला क्लबनं बक्षिसं वाटली तेव्हा प्रेक्षकांनी व्हॅन पर्सीला निवडलं, गोल त्याचे होते. खेळाडूंनी आपल्यातला एक निवडला तो कॅरिक. पळणाऱ्याला माहीत असतं बॉल कुठून येतो.

आणि इंग्लंडनं त्याला खेळवलं ३४ वेळा. मधेच खेळणारे जेरार्ड ११४, लॅम्पार्ड १०६, हा ३४. वर्ल्डकपमध्ये सगळ्या आयुष्यात एक सामना, २००६ चा इक्वेडोरविरुद्धचा. तो इंग्लंडनं जिंकला आणि पुढच्या सामन्याला याला बसवलं. मला याचा आजही संताप येतो. दोन मोठी माणसं पुढं धावायला तयार होती आणि त्यांच्या मागं उभं राहून बॉल देणारा बाकावर! तुझी जिल्ह्याच्या संघात निवड झाली नाही म्हणून तू विंगला निघालास ना? म्हणजे गोल दिसतील, नाव छापून येईल. निवडणाऱ्यांना मधलं दिसत नाही हे खरं आहे. इंग्लंडातही दिसलं नाही, इथंही दिसत नाही. म्हणून मधलं सोडायचं?

मी नंतर नऊ वर्षं एका संघाला शिकवलं, हे तू ऐकलं असशील. का सोडलं तेही वेगळ्या तऱ्हेनं ऐकलं असशील, म्हणून माझ्याकडून ऐक. फायनलला आम्ही एक गोलानं पुढं होतो, सहा मिनिटं राहिली होती. सगळे ओरडत होते, बॉल मागं घ्या, वेळ काढा. मी बाहेरून ओरडलो, पुढं दे. पोरानं दिला. कापला गेला, बरोबरी झाली, टायब्रेकरवर हरलो. दुसऱ्या दिवशी बैठकीत मला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ठीक आहे. पण आमचा फॉरवर्ड त्या वेळी एकट्या बॅकसमोर सुटलेला होता, त्यांचे चार जण आमच्या अर्ध्यात चढून आले होते, आणि पास हातभर जरी उजवीकडे पडला असता तर दुसरा गोल होऊन मॅच तिथंच संपली असती. मी हे बैठकीत कागदावर काढून दाखवलं, कुणी कागदाकडे बघितलं नाही. आज पुन्हा ती वेळ आली तर मी पुन्हा तेच ओरडेन. त्या पोराला मी त्याच रात्री घरी जाऊन सांगितलं, तुझं चुकलं नाही. ते पोरगं अजून खेळतंय आणि अजून पुढं देतंय. माझी जागा गेली, त्याचा पाय राहिला. मला हा सौदा परवडला. कुणी काही म्हणो.

हे लांबलं. एक सामना सांगतो आणि थांबतो.

१३ मे २०१८, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर वॉटफर्ड. कॅरिकचा शेवटचा सामना. त्याच सिझनला हृदयाचे ठोके अनियमित पडायला लागले म्हणून त्याच्यावर उपचार झाले होते, जवळजवळ सगळं वर्ष तो बाहेर होता. वय छत्तीस, दंडावर कॅप्टनचा पट्टा. चौतिसाव्या मिनिटाला मधल्या भागात बॉल त्याच्याकडे आला. आडवा द्यायला माणसं मोकळी होती. शेवटचा दिवस, कुणी काही म्हटलं नसतं. त्यानं मान वर केली आणि बचावफळीच्या डोक्यावरून पुढं दिला, धावणाऱ्या हुआन माताकडे. मातानं एका टचला मधे सरकवला, रॅशफर्डनं गोल केला. सामना युनायटेडनं १-० जिंकला. कागदावर गोल रॅशफर्ड, पास माता. कॅरिकचं नाव त्या ओळीत कुठंच नाही.

तो पास मी कितीदा पाहिलाय ते सांगत नाही. तू मात्र नीट बघ. माता धावायला लागतो तो बॉल सुटायच्या आधी. कारण त्याला माहीत आहे की येणार.

रविवारी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर ये. त्या लेफ्ट विंगरलाही घेऊन ये, मी त्याच्या वडिलांशी बोललोय. तो पळेल, तू देशील, मी मागून येऊन तुला धक्के मारेन. दहातले सात कापले गेले तरी चालतील, पण आठवा पुढंच पाहिजे. आणि डाव्या बुटाचा तळ उचकटलाय तुझा, परवा जिन्यात दिसला मला. शनिवारी चिकटवून घे, नाहीतर जोर पुन्हा कमी पडेल.

तुझा,
काका