वाचकांचे प्रश्न : तोच मोह पुन्हा पुन्हा

प्रश्न : माझे वय २७, अविवाहित. रात्री मोबाइलवर अश्लील व्हिडिओ पाहण्याची सवय जडली आहे. प्रायश्चित्त संस्कार (धर्मगुरूंसमोर पापांची कबुली) घेतला की आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. धर्मगुरूंसमोर जायचीही आता लाज वाटते. माझा पश्चात्तापच खोटा आहे का?

उत्तर : नाही. पश्चात्ताप खोटा असता तर हा प्रश्न तुम्हाला छळलाच नसता. चूक वेळेची आहे. संकल्प तुम्ही चर्चमध्ये सकाळी करता आणि तो पाळायचा असतो रात्री साडेअकराला, दमलेल्या देहाने, फोन हातात असताना. तेव्हा लढू नका, संध्याकाळीच लढा.

बायबलमधला योसेफ वस्त्र टाकून पळाला हे सर्वांना आठवते (उत्पत्ती ३९:१२). पण त्याआधीचे दहावे वचन वाचा. त्याच्या धन्याची बायको रोज गळ घालत होती, तरी तो तिच्याजवळ थांबतही नसे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा : चार्जर झोपायच्या खोलीतून काढा, दहा वाजता फोन बाहेरच्या खोलीत ठेवा, गजरासाठी साधे घड्याळ घ्या. फिल्टर लावायचा तर वाय-फायवर आणि फोनवर, दोन्हीकडे लावा. फक्त वाय-फायवर लावला तर मोबाइल डेटाची वाट उघडीच राहते. पासवर्ड विश्वासातल्या माणसाकडे द्या.

याच्या जोडीला येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी सांगितलेले आत्मपरीक्षण करा. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ पुस्तकात ते दिले आहे. उठल्याबरोबर त्या एकाच दोषापासून जपण्याचा निश्चय करायचा. दुपारच्या जेवणानंतर उठल्यापासूनचा एकेक तास आठवायचा आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके वहीतल्या त्या दिवसाच्या पहिल्या ओळीवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर तसेच, दुसऱ्या ओळीवर. मग दुपार-रात्र, काल-आज, हा आठवडा-मागचा आठवडा अशी तुलना करायची. घसरलो त्या क्षणीच छातीवर हात ठेवून मनात दुःख मानायचे, चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही.

ही वही बहुतेकांकडून दोन कारणांनी सुटते. एक, पाच दोष एकदम धरले जातात. दुसरे, पतन झाले की त्या दिवसाचे पान कोरे ठेवले जाते. नेमके तेच पान भरायला हवे. आमचा आणखी एक आग्रह आहे : ठिपका केवळ पतनाला देऊ नका, फोन अंथरुणात नेला तरी द्या. दोन आठवड्यांत दिसू लागेल की पतनाआधी भांडण झाले होते, जागरण होते, की नुसता कंटाळा.

लाजेमुळे दर वेळी नव्या धर्मगुरूंकडे जाऊ नका. त्यांना ती गोष्ट पहिल्यांदाच ऐकू येते, म्हणून सल्लाही दर वेळी पहिल्या पायरीचाच मिळतो. सैतानाला गुपित हवे असते, असे इग्नेशियस बजावतात. एकच धर्मगुरू ठरवा, महिन्यातून एकदा भेटा. झोप आणि नोकरी बिघडू लागली असेल तर समुपदेशकही गाठा. त्याने श्रद्धा उणी होत नाही.

प्रश्न : प्रार्थनेला बसले की नको ते विचार येतात. हे पाप धरायचे का?

उत्तर : विचार येणे पाप नाही, त्याला बसायला जागा देणे, रंगवणे, होकार देणे इथून पाप सुरू होते. याकोब १:१४-१५ मध्ये हाच क्रम आहे. प्रभू येशूच्याही कानांवर सैतानाचे बोलणे पडलेच ना? त्याने वाद वाढवला नाही. तिन्ही उत्तरे एकेका वचनाची, तिन्ही बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली (८:३, ६:१६, ६:१३). चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने खादाडपणा, कामवासना, राग अशा आठ कुविचारांपुढे म्हणायची वचने निवडून ठेवली होती. तुम्ही एकच निवडा, छोटे, तोंडपाठ. विचार आला की ते म्हणा आणि प्रार्थना जिथे थांबली तिथून पुढे चालू करा. विचार का आला याचा शोध त्या वेळी घेऊ नका, त्यातच तो रुजतो.

प्रश्न : माझ्या यजमानांनी दारू सोडून पाच महिने झाले. नाताळात सासरी घरची वाइन असते, ‘सण आहे, एक घोट घे’ असा आग्रह होतो. जाऊच नये का?

उत्तर : ताई, जा, पण पोटभर खाऊन जा आणि निघायची वेळ आधी ठरवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांत मोह बळावतो. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) भूक आणि थकवा आलेलेच असतात, म्हणून थोडी झोप काढून दुपारच्या जेवणालाच जाणे बरे. पोचल्याबरोबर त्यांच्या हाती सरबताचा ग्लास द्या, रिकाम्या हाताला आग्रह होतोच. ‘मी घेत नाही’ एवढेच त्यांनी म्हणावे. ‘औषध चालू आहे’ म्हटले की पुढच्या वर्षी औषध संपले का, अशी विचारणा होते. घरातल्या एका थोरल्या माणसाला त्यांनीच आधी सांगून ठेवावे. केकमध्ये रम आहे का, तेही विचारा. मिस्सेत द्राक्षारसाचा प्याला दिला जात असेल तर केवळ भाकररूपात ख्रिस्तशरीर घ्यावे. एकाच रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो, ही चर्चची शिकवण आहे.

तरीही घोट गेलाच तर तो लपवू नये, त्याच संध्याकाळी व्यसनमुक्ती गटातल्या सोबत्याला फोन करावा. पिणे पुन्हा रोजचे आणि भरपूर झाले असेल, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, भास होणे, फिट येणे असे जिवावरचे त्रास होऊ शकतात. तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.