कर्ता कुठे गेला?

प्रिय मित्रा,

पुढच्या आठवड्यापासून तुझ्याकडे प्रचारसभांच्या बातम्या येणार आहेत आणि तयारी म्हणून तू देहबोलीवरचे व्हिडिओ बघत बसलायस, असं कळलं. ते आधी बंद कर. 'संवादात ९३ टक्के वाटा आवाजाचा आणि देहबोलीचा, शब्दांचा फक्त ७ टक्के' हा त्या व्हिडिओंचा लाडका आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांवरून उचललेला आहे. त्यात लोकांना सुटे शब्द ऐकवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितलं होतं. चाळीस मिनिटांच्या जाहीर भाषणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाक खाजवलं की माणूस खोटं बोलतोय, हेही त्याच पठडीतलं. खोटं ओळखण्याच्या दोनशेहून जास्त अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतात. आणि मे महिन्यात जालन्याच्या मैदानावर घाम पुसणारा नेता घाबरलेला नसतो, त्याला उकडत असतं.

मराठी भाषण उलगडायचं तर शाळेत केलंस तेच कर. वाक्य घे, क्रियापद शोध, त्याचा कर्ता कोण ते विचार.

सुरुवात सर्वनामांपासून कर. आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. हिंदीतल्या 'हम'ला हा भेद दाखवता येत नाही, त्यामुळे मराठी वक्त्याच्या हातात एक जादाचं हत्यार असतं. कुठल्याही तालुक्याच्या सभेत शोभेल असं वाक्य बघ : 'धरण आम्ही बांधलं, पाणी त्यांनी पळवलं, आता लढाई आपल्याला लढायचीय.' श्रेय आम्ही, दोष ते, खर्च आपण. तीन तुकडे, तिसरा थोडा लांब, आणि टाळी बरोबर तिसऱ्यावर. 'जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो' या बाळासाहेब ठाकरेंच्या सुरुवातीला शिवाजी पार्कवर जो गजर व्हायचा, त्यात 'तमाम'पेक्षा 'माझ्या'चा वाटा मोठा होता, असं माझं मत. मैदानात आलेला माणूस त्या एका शब्दानं घरातला होऊन जायचा.

एकवचनी 'मी' मराठीत जपून वापरावा लागतो. देवेंद्र फडणवीसांचं २०१९ चं विधानसभेतलं 'मी पुन्हा येईन' आठव. ना अट, ना सोबती. नुसता मी आणि भविष्यकाळ. पाठ व्हायला सोपं होतं, म्हणून तर त्यांच्या समर्थकांइतकंच विरोधकांनीही ते पाठ केलं आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावरच उलटवलं. पालुपद एकदा मैदानात सोडलं की मालकाचं राहत नाही.

आता कर्ता गायब होण्याकडे ये, कारण तुझं खरं काम इथेच आहे. 'चौकशी केली जाईल', 'कोणाचीही गय केली जाणार नाही', 'प्रस्ताव विचाराधीन आहे', 'शासन याबाबत सकारात्मक आहे.' यात करणारा माणूस एकही नाही. बातमीत ही वाक्यं जशीच्या तशी गेली तर तू लेखनिक झालास. प्रत्येकापुढे वहीत चार प्रश्न लिही : कोण, किती, कधीपर्यंत, पैसे कुठून. चारपैकी दोन उत्तरं भाषणात सापडली तर ते आश्वासन धर. एकही नसेल तर तो नुसता आवाज आहे.

याचा एक धडा घट्ट धरून ठेव. जून २०१७ मध्ये पुणतांब्यातून उठलेल्या शेतकरी संपानंतर कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा तीन शब्द गाजले : सरसकट, तत्त्वतः, निकषांसह. पहिला आणि तिसरा एकमेकांना खोडतात. 'सरसकट' म्हणजे सगळ्यांना, 'निकषांसह' म्हणजे काहींना, आणि मधला 'तत्त्वतः' दोघांचं भांडण मिटेपर्यंत वेळ काढतो. टाळ्या सरसकटला पडल्या, हिशेब निकषांनी झाला. २४ जूनला ३४,०२२ कोटींची घोषणा झाली तेव्हा माफीची मर्यादा दीड लाख रुपये होती, आणि पुढे शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्जाच्या रांगेत उभं राहावं लागलं. म्हणून घोषणेच्या दिवशी बातमी दे, पण जीआर निघाला की भाषणाचा कागद शेजारी ठेवून दोन्हींतली विशेषणं जुळवून बघ.

कर्ता बदलण्याची आणखी एक तऱ्हा नात्याची. 'लाडकी बहीण' या नावात 'योजना' हा शब्द गळून पडला की देणारा भाऊ उरतो आणि घेणारी बहीण. दरमहा १,५०० रुपये, आणि पहिल्या दोन हप्त्यांचे ३,००० रुपये खात्यात पडायला लागले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, राखीपौर्णिमेच्या तोंडावर. तिजोरीतल्या पैशाला ओवाळणीचं रूप आलं. ओवाळणीचा हिशेब कोण मागतो? कर भरणारा त्या वाक्यात कुठेच नाही, आणि ती बहीण स्वतः तेलाच्या पिशवीवरही कर भरते हेही त्यात नाही.

काही वेळा क्रियापदच नसतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी शिंदे गटाच्या आमदारांना उद्देशून दिलेली घोषणा, 'पन्नास खोके, एकदम ओके'. खोका म्हणजे कोटी, हे सगळ्यांना ठाऊक. पण कोणी दिले, कोणी घेतले, कधी? काहीच म्हटलेलं नाही, त्यामुळे सिद्ध करायला काही नाही आणि नाकारायलाही काही नाही. यमक आणि टाळीचा ठेका एवढ्यावर आरोप गावोगाव गेला. सभागृहात बोललेल्या शब्दाला राज्यघटनेच्या कलम १९४ चं संरक्षण असतं, बाहेर नसतं. म्हणूनच आत नाव घेणारा माणूस मैदानावर 'काही लोक', 'एक बडा नेता' असं बोलू लागतो. हा बदल दिसला की टिपून ठेव.

आणि देह? तोही बघ, पण शब्दाला चिकटवून. १८ ऑक्टोबर २०१९, सातारा. लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या मतदानाला तीन दिवस. भर पावसात शरद पवार छत्रीशिवाय बोलत राहिले. तो भिजलेला फोटो सगळ्यांना आठवतो, वाक्य फार थोड्यांना. लोकसभेला उमेदवार निवडताना माझ्याकडून चूक झाली, ती दुरुस्त करायला सातारकर २१ तारखेची वाट बघतायत, असा त्याचा आशय होता. राजकारणात 'चूक झाली' इथे थांबायची रीत आहे. इथे 'माझ्याकडून' आलं, आणि दुरुस्तीचं क्रियापद मतदाराच्या हातात दिलं. कबुली देणारा माणूस समोर भिजत उभा होता, म्हणून ती पटली. कोरड्या मंचावर तेच वाक्य अर्धं राहिलं असतं, आणि त्या वाक्याशिवाय पाऊस नुसता पाऊस. पवारांचे उमेदवार श्रीनिवास पाटील ती पोटनिवडणूक सुमारे ८७ हजार मतांनी जिंकले. सगळं श्रेय सभेला देऊ नकोस; उमेदवार, जिल्हा आणि आधी निवडून आलेल्या उदयनराजेंच्या पक्षांतराचा राग हेही होतंच.

याच्या उलट बाजूही त्याच वर्षातली. राज ठाकरेंनी लोकसभेला एकही उमेदवार उभा न करता भाजपविरुद्ध सभा घेतल्या. 'लाव रे तो व्हिडिओ' म्हटलं की मैदान त्यांच्याआधी ओरडायचं. निकालात भाजप-शिवसेना युतीलाच ४८ पैकी ४१ जागा. गर्दी ऐकायला येते आणि मत द्यायला वेगळी जाते.

सभेत उभा कुठे राहशील? पत्रकारांच्या घेऱ्यात नको. तिथून फक्त नेता दिसतो. मंचापासून मैदानाच्या निम्म्यावर, एका कडेला थांब, म्हणजे नेत्याचा हात आणि लोकांचे चेहरे एका नजरेत येतील. टाळी पुढून उठून मागे येते की मागून पुढे जाते, ते बघ. पुढच्या रांगा कार्यकर्त्यांच्या असतात. सुरुवातीची नावं झोपेत ऐकू नकोस. 'व्यासपीठावर उपस्थित' नंतरचा क्रम, मध्येच आलेली चिठ्ठी आणि तिच्यामुळे घुसलेलं नाव यात तालुक्याचं अर्धं राजकारण असतं. आकडा सांगताना नेता कागदाकडे बघत असेल तर चांगलं समज, निदान कोणीतरी लिहून दिलाय. रात्री दहाला भोंगे बंद होतात, त्यामुळे साडेनऊला पोचलेला नेता मुद्दे गाळतो आणि घोषणा ठेवतो. त्या भाषणावरून त्याची कुवत ठरवू नकोस. चार सभा झाल्यावर बसलेला आवाज हा भावनेचा हुंदकाही नसतो. त्याच माणसाचं विधानसभेतलं दहा मिनिटांचं भाषण आधी ऐकून ठेव, म्हणजे त्याची नेहमीची चाल कळेल आणि फरक दिसेल.

'लाखोंचा जनसागर' लिहिण्याआधी मैदान मोज. दाटीत माणशी साडेचार चौरस फूट, मोकळं असेल तर दहा. एक लाख माणूस दाटीवाटीनं उभा करायला दहा एकरांहून जास्त जागा लागते, आणि आपल्या बहुतेक तालुक्यांच्या मैदानांचा सातबारा एवढा मोठा नसतो.

घरी आलास की भाषण दोनदा चालव. पहिल्यांदा चित्र झाकून, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. पहिल्या वेळी क्रियापदं लिही, दुसऱ्या वेळी हात कुठल्या मिनिटाला वर गेला ते. मग दोन्ही रकाने शेजारी ठेव. हात सगळ्यात जोरात आपटला तिथलं वाक्य बिनकर्त्याचं निघालं, तर उद्याचा प्रश्न तुला सापडला. रविवारच्या सभेचे दोन्ही रकाने मला पाठव, बातमी नको.

तुझा
काका