अवकाशात खिंड कुठून आणायची? केडियाबद्दल थोडं

तुम्ही विचारलंय की कथेत सीमेवरची, संपूर्ण लष्करी अशी एक सूर्यमाला उभी करायची आहे, आणि जो तो ‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळाच्या काल्पनिक विश्वातल्या केडिया या किल्लेवजा ग्रहाकडे बोट दाखवतो. तर त्यात खरंच घेण्यासारखं काही आहे, की नुसत्या तोफा आणि आरडाओरडा?

तोफा भरपूर आहेत. आरडाओरडा तर विचारूच नका. पण केडिया मला तोफांमुळे आवडत नाही. मी या खेळातले सैनिक रंगवते. इंचभर उंचीचे प्लॅस्टिकचे पुतळे, २८ मिलिमीटरचं माप. लेस्टरला राहणारी मावसबहीण सुट्टीला येताना एखादा बॉक्स घेऊन येते आणि मग पुढचं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा कोणालाच वापरता येत नाही. इतका वेळ एकाच पलटणीकडे भिंग लावून बघितलं की माणूस विचार करायला लागतो: ही माणसं तिथे उभी का आहेत? दुसरीकडे का नाहीत?

तुमच्या कथेचाही पहिला प्रश्न हाच असायला हवा. कारण अवकाशात सीमा नसते. जमिनीवर घाट असतो, नदीचा उतार असतो, सामुद्रधुनी असते. शत्रूला तिथूनच यावं लागतं म्हणून आपण तिथे चौकी बसवतो. अवकाशात तो कुठूनही येईल. सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा, तो ४.२४ प्रकाशवर्षं लांब, आणि मधे सगळं मोकळं. अशा पोकळीत एका ताऱ्याभोवती कितीही तोफा रचा, शत्रू वळसा घालून निघून जाईल. भर वाळवंटात एकटा दरवाजा बांधून त्याला कुलूप लावल्यासारखं ते. म्हणून सीमेवरची सूर्यमाला लिहिणाऱ्याला आधी प्रवासाचा नियम लिहावा लागतो आणि त्या नियमातून खिंड काढावी लागते. बहुतेक लेखक इथे कृमिविवर नाहीतर महाद्वार टाकून मोकळे होतात. चालतं ते, फक्त जरा स्वस्तातलं वाटतं.

केडियाची खिंड कशी तयार होते ते बघा. या विश्वात जहाजं प्रकाशापेक्षा वेगाने जातात ती ‘वॉर्प’ नावाच्या दुसऱ्या, खवळलेल्या मितीतून. तिथे दिशा कळत नाही. पृथ्वीवरून सोडलेला एक मानसिक दीप, ॲस्ट्रोनॉमिकन, बघत बघत नॅव्हिगेटर जहाज हाकतात. आकाशगंगेत एका जागी ही वॉर्प मिती आपल्या अवकाशात फाटून बाहेर आली आहे. त्या जखमेला म्हणतात ‘आय ऑफ टेरर’. एल्डारी नावाच्या एका प्राचीन जमातीचा ऱ्हास झाला त्या वेळी ती उघडली. माणसांच्या साम्राज्याशी दगा करून पळालेल्या फौजा तिच्या आत दडून बसल्या आहेत. या डोळ्याभोवती सतत वादळं असतात. चारदोन जहाजांची टोळी कशीबशी निसटते, पण मोठं आरमार एकत्र, शाबूत बाहेर काढायचं तर शांत पाण्याचा एकच पट्टा आहे. त्याचं नाव केडियन गेट आणि त्याच्या तोंडाशी केडिया.

नियम लक्षात आला ना? चोरांना वाट आहे, लष्कराला नाही. ही बारीक सवलत मला फार आवडते. खिंड पूर्ण बंद असती तर बाकीच्या आकाशगंगेत भीतीच उरली नसती, आणि पूर्ण उघडी असती तर केडियाला किंमत राहिली नसती. आपल्याकडच्या घाटांचंही तेच होतं. पायवाटा शंभर, तोफेचा गाडा जाईल अशी वाट एखादीच.

पण तो पट्टा शांत का? खरी गंमत इथे आहे. केडियाच्या जमिनीवर हजारो काळे खांब उभे आहेत, अर्धा अर्धा किलोमीटर उंच, माणूस तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचे. ते वॉर्पला मागे रेटून धरतात. साम्राज्याला मात्र हे धड ठाऊक नाही. दहा हजार वर्षं त्यांच्या अवतीभवती तटबंद्या रचल्या, पिढ्यान् पिढ्या मारल्या गेल्या, पण आपण नेमकं काय राखतोय याचा पहारेकऱ्यांना पत्ता नाही. त्यांना वाटतं, आपल्यामुळे खिंड टिकून आहे. ती टिकून आहे खांबांमुळे. वॉरहॅमरमध्ये लेखनाच्या दृष्टीने ढोबळ गोष्टी ढिगाने आहेत, पण ही एक कल्पना कुठल्याही भारदस्त विज्ञानकथेच्या पंगतीला बसेल.

(एक खोडसाळ शंका मला बरेच दिवस छळत होती. ग्रह सूर्याभोवती फिरतो, मग वर्षातला अर्धा काळ किल्ला दरवाजाच्या उलट्या बाजूला नसेल का? खांबांमुळे हीही सुटते. ते ग्रहाबरोबर फिरतात आणि त्यांचा परिणाम आसपासच्या अवकाशभर पसरलेला असतो. तुम्ही मात्र तुमच्या कथेत हे तपासा. ग्रहांवर किल्ले बांधणारे लेखक ग्रह फिरतो हेच विसरतात.)

आता तिथली माणसं. केडियावरच्या शहरांना ‘कासर’ म्हणतात. सगळ्यात मोठं कासर क्राफ. शहर आणि किल्ला अशा दोन वेगळ्या गोष्टीच तिथे नाहीत. रस्ते मुद्दाम वाकडेतिकडे, म्हणजे आत शिरलेल्या शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये, आणि प्रत्येक घर वेळ पडली तर मोर्चा. गोमुखी दरवाजा बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या वळणात लपवलाय तो याच हिशोबाने. फक्त इथे दरवाजाच नाही, दूधवाल्याची गल्लीसुद्धा त्याच हिशोबाने आखलेली.

केडियाबद्दल एक वाक्य फार प्रसिद्ध आहे: तिथे जन्मदर आणि भरतीचा दर हे एकाच आकड्याचं नाव आहे. पोरं लहानपणापासून लेझर बंदूक सुटी करून पुन्हा जुळवायला शिकतात. मिसरूड फुटायच्या वयातल्या रंगरुटांच्या शिरस्त्राणावर पांढरा पट्टा असतो, त्यांना म्हणतात व्हाइटशील्ड. लढाईत टिकला की पट्टा जातो. त्यांतले निवडक पुढे ‘कासरकिन’ होतात. आणि केडियात जन्मलेल्यांचे डोळे जांभळट असतात. त्या जखमेच्या उजेडात पिढ्यान् पिढ्या राहिल्याचा तो परिणाम, असं म्हणतात.

हे वाचून ‘काय ते शौर्य’ म्हणून उर भरून येणार असेल तर जरा थांबा, कारण असा समाज माणसांनी खरोखर उभा केला होता. सोळाव्या शतकापासून हॅब्सबर्ग साम्राज्याने तुर्कांच्या सरहद्दीला लागून, आजच्या क्रोएशियाच्या बाजूला, एक लष्करी सीमाप्रांत वसवला. शेतकऱ्याला जमीन द्यायची, करात सवलत द्यायची, आणि बदल्यात घरातल्या धडधाकट पुरुषांनी हत्यार उचलायचं. या शिपाई-शेतकऱ्यांना ग्रेंझर म्हणत. प्रांतावर सत्ता लष्कराची. पुढे झालं काय, तुर्कांचा धोका ओसरला पण यंत्रणा काही ओसरली नाही. स्वस्तात तयार शिपाई मिळतायत म्हटल्यावर त्यांना युरोपभरच्या युद्धांत पाठवायला लागले. सप्तवार्षिक युद्धात ते प्रशियाविरुद्ध लढले. प्रांत शेवटी क्रोएशिया-स्लाव्होनियात विलीन झाला तो १८८१ साली.

केडियाचंही डिट्टो हेच. त्यांच्या ‘शॉक ट्रूप्स’ पलटणी आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला मरायला पाठवल्या जातात. घरची खिंड राखायची म्हणून शिपाई झालेली पोरं परक्या ग्रहावरच्या चिखलात संपतात. इतकंच नाही, दुसऱ्या ग्रहांच्या फौजाही केडियाच्या धर्तीचे गणवेश आणि हत्यारं वापरतात. (यात हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीची सोय आहे हे उघड आहे. २००३ साली प्लॅस्टिकचे केडियन सैनिक बाजारात आले. तोच साचा जास्तीत जास्त लोकांनी विकत घ्यावा तर कथेतही सगळ्यांनी तोच गणवेश घातलेला बरा! असो. आम्हीही घेतोच.)

‘खिंड लढवणे’ हा आपला वाक्प्रचार इथे लगेच ओठावर येतो, माझ्याही आला. पण १६६० साली घोडखिंडीत जे लढले त्यांना ठाऊक होतं की विशाळगडावरून तोफांचे आवाज आले की आपलं काम झालं. केडियाला तोफांचा आवाज कधीच येणार नाही. खिंडीतच लग्नं, खिंडीतच बाळंतपणं. तुमच्या कथेत हा थकवा आला पाहिजे. माझ्या मते केडियाच्या लेखकांनी तोच कमी लिहिलाय. दहा हजार वर्षं पहारा करणाऱ्या समाजात कंटाळा कसा असेल, पहाऱ्यातून सुटायच्या युक्त्या कशा असतील, एखादी आई पोराचं वय कागदावर कमी कसं लावत असेल! रसदीचंही तसंच. एवढ्या शिपायांना खायला कोण घालतं हे क्वचितच दिसतं. तुम्ही तिथून सुरुवात केलीत तर केडियाच्या पुढे जाल.

आजूबाजूची सूर्यमाला मी थोडक्यात उरकते, कारण मूळ लेखनातही ती थोडक्यातच आहे. कासर होल्न, कासर पार्टॉक्स असे आणखी तटबंद जग, आणि सेंट जोसमेन्स होप नावाचा तुरुंगाचा ग्रह. होप! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

शेवट कसा झाला हेही सांगते, कारण त्यातही शिकण्यासारखं आहे. खिंडीपलीकडचा सरदार अबॅडन बारा स्वाऱ्या करून बसला होता. तेरावी २००३ च्या उन्हाळ्यात कंपनीने जगभरच्या खेळाडूंवर सोडली: आपापल्या टेबलावर खेळा, निकाल इंटरनेटवर कळवा. आठवड्यांमागून आठवडे निकाल येत राहिले. ग्रहाच्या जमिनीवर अबॅडनचा वरचष्मा, अवकाशात साम्राज्याच्या आरमाराचा, असं काहीतरी लटकतं चित्र निघालं. आणि मग कथा तिथेच गोठली. कथेतलं साल एक्केचाळिसाव्या सहस्रकाचं शेवटचं, ९९९.एम४१, आणि घड्याळ पुढे सरकायलाच तयार नाही. दशकाहून जास्त काळ केडिया ‘आता पडतंय, मग पडतंय’ करत उभं होतं.

२०१७ साली ते पाडलं. सेनापती क्रीडच्या फौजांनी अखेरपर्यंत झुंज दिली. त्याच धामधुमीत बेलिसारियस कॉल नावाच्या विद्वानाने खांब कशासाठी आहेत ते ओळखलं आणि ते पूर्ण ताकदीने चालूही केले. जखम आक्रसायला लागली. दहा हजार वर्षांनी पहिल्यांदा पहाऱ्याला अर्थ आला, तोवर अबॅडनने एका प्रचंड अवकाशदुर्गाचं धूड, ‘विल ऑफ इटर्निटी’, थेट ग्रहावर आदळलं. खांब मोडले, ग्रह फुटला, जखम आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फाटत गेली. ग्रह फुटला पण पलटण फुटली नाही, असं चाहते छाती काढून सांगतात. मला त्यात अभिमानापेक्षा हिशोबाची चूक जास्त दिसते. शत्रूला शिपायांना हरवायची गरजच नव्हती, त्याला दगड मोडायचे होते. (हे साम्राज्य आदर्श नव्हे, विडंबन आहे, हे कंपनीला २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं होतं. तेव्हा छाती जरा जपूनच काढावी.)

म्हणून तुम्हाला माझा सल्ला तोफांपासून सुरू न करण्याचा आहे. आधी प्रवासाचा नियम ठरवा. मग खिंड नेमकी कशामुळे आहे ते ठरवा, आणि ते तिथल्या शिपायांना सांगू नका. नंतर एका घरात शिरा आणि त्या घरातलं कितवं पोर पलटणीत गेलं ते मोजा. आरमार वगैरे शेवटी आणलंत तरी चालेल.

आता केडियन पलटणींना केडियाच नाही. उरलेले शिपाई लढतायत, आणि त्यांच्या रांगा भरायला दुसऱ्याच ग्रहांवरची पोरं येतात, त्यांना केडियन म्हणतात. यामुळे माझी मात्र एक सोय झाली. ‘केडियन फ्लेशटोन’ नावाचा एक रंग मिळतो, गोऱ्या कातडीचा. तो मी पहिल्याच पलटणीवर संपवला आणि पुन्हा मागवला नाही. तेव्हापासून माझे शिपाई सावळे, गव्हाळ, हाताला येईल त्या तपकिरीचे. डोळे जांभळे करायला आधी जीव जायचा. पाच शून्य नंबरचा कुंचला, श्वास रोखून एक ठिपका, की गेला गालावर. नव्या भरतीतले शिपाई केडियात जन्मलेलेच नाहीत, त्यामुळे त्यांचे मी सरळ काळे करते. जांभळे फक्त एका म्हाताऱ्या सार्जंटचे ठेवलेत.