शक, सिथियन आणि पत्रिकेतलं ‘शके’

प्रश्न असा आला आहे: काळ्या समुद्राकाठच्या सोन्याच्या दागिन्यांवर लिहिताना मराठीत ‘सिथियन’ म्हणतात, कझाकस्तानातल्या थडग्यांवर लिहिताना ‘शक’, आणि नाशिकच्या लेण्यांतही ‘शक’ भेटतात. हे सगळे एकच का? आणि लग्नपत्रिकेतल्या ‘शके’शी त्यांचा काही संबंध आहे का?

पत्रिकेतलं ‘शके’ त्या शकांचंच आहे. पण ‘सिथियन’ म्हणजे ‘शक’ या शब्दाचं बिघडलेलं रूप, असा जो समज आहे तो सोडायला हवा.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय की काळ्या समुद्राकाठचे हे भटके लोक स्वतःला स्कोलोतोई म्हणवतात, ग्रीक त्यांना स्किथाई म्हणतात आणि इराणी लोक सगळ्याच स्किथाईंना ‘साकाई’ म्हणतात. त्याआधी असिरियाच्या लेखांत ते ‘अश्कुझाय’ म्हणून आले होते. ओस्वाल्ड सेमेरेन्यी या भाषाशास्त्रज्ञाने १९८०मध्ये असं मांडलं की स्किथ, अश्कुझ आणि स्कोलोत या तिन्हींच्या मुळाशी ‘स्कुद’, म्हणजे धनुर्धर, हा एकच शब्द आहे. ‘शक’ मात्र वेगळ्या इराणी धातूवरून, ‘जाणे, भटकणे’ या अर्थाच्या. मला ही उपपत्ती पटते. क्राइमियातल्या केर्चजवळ कुल-ओबा नावाच्या थडग्यात १८३०मध्ये एक छोटं भांडं सापडलं. त्यावर एक सिथियन माणूस पायाच्या आधाराने धनुष्य वाकवून दोरी चढवतोय. शेजाऱ्यांनी अशा लोकांना ‘धनुर्धर’ म्हणून ओळखलं, यात नवल नाही.

‘शक’ हे इराणी दरबारातलं नाव. इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावरच्या शिल्पात सम्राट दारयवहूसमोर (डेरियससमोर) बांधून उभ्या केलेल्या बंडखोरांच्या रांगेत सर्वांत शेवटी स्कुंख नावाचा शक आहे, डोक्यावर उंच टोकदार टोपी घातलेला. जुन्या इराणी लेखांत शकांच्या एका शाखेचं नावच ‘सका तिग्रखौदा’, टोकदार टोपीवाले शक. यातला ‘तिग्र’ आपल्या ‘तिग्म’, ‘तीक्ष्ण’च्या घरातला. आणि १९६९मध्ये अल्माटीजवळ इस्सिक इथे एक थडगं उघडलं, तर आत हजारो सोन्याच्या पत्र्यांनी मढवलेला पोशाख, सोबत सुमारे दोन फूट उंच निमुळती टोपी! एका कड्यावर कोरलेला शब्द आणि दूरच्या मातीतली वस्तू अशी जुळलेली पाहिली की मला फार आनंद होतो.

सैबेरियाच्या दक्षिणेकडच्या अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या गोठलेल्या थडग्यांचं काय? तिथे घोडे, नमद्याची वस्त्रं, गोंदलेली कातडी, सारं बर्फामुळे टिकलं. पण ते लोक स्वतःला काय म्हणत, हे सांगणारा एक लेखही मिळालेला नाही. म्हणून ‘पाझिरिक संस्कृती’ हेच नाव बरं. नातं मात्र उघड आहे. अंत्यविधीनंतर सिथियन लोक काठ्यांवर तंबू उभारून तापलेल्या दगडांवर भांगेचं बी टाकतात आणि त्या वाफेत शुद्ध होतात, असं हेरोडोटसने काळ्या समुद्राकाठच्या लोकांबद्दल लिहिलं. पाझिरिकमध्ये काठ्यांचा सांगाडा, दगड भरलेलं तांब्याचं भांडं आणि भांगेच्या बिया खरोखर निघाल्या. हजारो किलोमीटरच्या गवताळ पट्ट्यात एकच चाल होती.

आपल्याकडे पतंजलीच्या महाभाष्यात ‘शकयवनम्’ (शक आणि यवन, म्हणजे ग्रीक) हा समास आहे. इराणचं सीस्तान म्हणजे मूळचं ‘शकस्थान’. तिकडून आलेल्या शक राज्यकर्त्यांना क्षत्रप म्हणत; त्यांच्यापैकी नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आपलं दान नोंदवतो. तीन लाख गाई दिल्याचं सांगतो. तिथल्याच एका लेखात त्याला ‘शक’ म्हटलं आहे. थोड्याच अंतरावर तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘सक-यवन-पल्हव-निसूदन’, म्हणजे शक, यवन आणि पल्हवांचा नाश करणारा, म्हणते. एकाच डोंगरात दोन्ही बाजू बोलतात.

आता ‘शके’. इसवी सन ७८पासूनची ही कालगणना पश्चिम क्षत्रपांच्या वापरातली. बदामीच्या चालुक्य मंगलेशाच्या लेखात ती ‘शकनृपति-राज्याभिषेक’पासून मोजली आहे, पाचशे वर्षं उलटल्याची नोंद आहे. ‘शालिवाहन’ हे नाव त्याला पुष्कळ नंतर जोडलं गेलं. ज्ञानेश्वरीच्या शेवटीसुद्धा नुसतं ‘शके बाराशतें बारोत्तरें’ आहे. हळूहळू लोकांचं नाव पुसट झालं आणि ‘शक’ म्हणजेच ‘कालगणना’ असा अर्थ रुजला; म्हणून तर ‘शककर्ता’ आणि शिवछत्रपतींचा ‘राज्याभिषेक शक’ हे प्रयोग सहज होऊ शकले.

‘मला शक आहे’मधला शक अरबी, संशय या अर्थाचा. ‘बेशक’ही तिकडचाच. यांचा इथे संबंध नाही.

लिहिताना मी काळ्या समुद्राकाठच्यांना ‘सिथियन’ आणि मध्य आशिया, इराण, भारत इथल्यांना ‘शक’ म्हणतो. सगळ्यांबद्दल एकत्र बोलायचं असेल तर ‘शक-सिथियन’. आणखी एक: ‘शके’ ही संस्कृत सप्तमी आहे, ‘शकात’ असा तिचा अर्थ. त्यामुळे ‘शके १२१२’ किंवा ‘शक १२१२मध्ये’ लिहावं. ‘शके १२१२मध्ये’ लिहिलं की सप्तमी दोनदा होते.